परत फिरलेल्यांचा रकाना

रस्त्यावर पांढरे पट्टे चौदा होते, त्यातले तीन पुसट. सिग्नलचे खांब दोन. बटण एकच, आणि ते दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच. हिरवा माणूस सतरा सेकंद चालायचा आणि मग लाल होऊन उभा राहायचा. सोमवार, बुधवार आणि गुरुवार असे तीन दिवस, दुपारी साडेतीन ते साडेपाच, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पाच मुलं बसली होती. त्यांनी रस्ता ओलांडणारी सहाशे तीन माणसं मोजली होती. दर दहाव्या माणसाला घड्याळ लावलं होतं, अशी साठ माणसं. सरासरी वेळ नऊ पूर्णांक चार सेकंद. सगळ्यांत हळू माणसाला अकरा पूर्णांक आठ लागले होते आणि त्याच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी होती.

हे आकडे मोजपट्टीला तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने न अडखळता सांगितले असते. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. जिन्याच्या पायऱ्या, भिंतीवरच्या फरशा, आईच्या शिलाई मशीनचे मिनिटाला पडणारे टाके, दिसेल ते ती मोजायची. म्हणून घरी-दारी, शाळेत आणि आता समितीतही ती मोजपट्टीच झाली होती. वय अकरा वर्षं चार महिने.

समिती म्हणजे त्यांच्या वस्तीची. रस्ते, दिवे, कचरा, नळ यांचे निर्णय वाचनालयाच्या वरच्या खोलीत नऊ माणसं घेत. यंदा पहिल्यांदाच त्या नवांतल्या दोन खुर्च्या मुलांना दिल्या होत्या, त्याही सहा महिन्यांच्या बोलीवर. अध्यक्षबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, "खुर्च्या दिल्यात, उशा नाहीत. काम दिसलं तर सहा महिन्यांनी कायमच्या करू. नाही दिसलं तर तुम्ही घरी आणि आम्ही मोकळे."

दुसरी खुर्ची 'वकिला'ची होती. वय तेरा. तोंड सुरू झालं की बंद करायला दोन माणसं लागायची. पहिल्या दोन बैठका दोघांनी मुकाट्याने काढल्या. बस आगाराचे मुख्य, ज्यांना सगळे आगारवाले काका म्हणत, ते दर वेळी विचारायचे, "काय सभासद, पाय पोचतात का जमिनीला?" आणि सगळे हसायचे. मोजपट्टीचे पोचत नव्हते. सहा सेंटिमीटर कमी पडायचे.

तिसऱ्या बैठकीत मात्र मुलांनी आपला विषय मांडला. शाळेची बस रोज सकाळी त्या सिग्नलला अडकायची. रांग पार वळणापर्यंत. बसमधली अडतीस मुलं उशिरा पोचायची आणि तीनदा उशीर झाला की खेळाचा तास बंद. आगारवाल्या काकांच्या गाड्याही तिथेच तुंबायच्या. मुलांचं म्हणणं साधं होतं: माणसं नऊ-दहा सेकंदांत पलीकडे जातात, मग हिरवा माणूस सतरा सेकंद कशाला चालतो? बारा पुरेत. पाच सेकंद गाड्यांना द्या.

काका खुर्चीतून अर्धे उठलेच. "शाबास रे पठ्ठ्यांनो! हे आमच्या डोक्यात कसं नाही आलं?" अध्यक्षबाईंनी तक्ते उलटसुलट पाहिले आणि पहिल्यांदाच चष्मा काढून मुलांकडे बघितलं. अडतीस सह्यांचा कागद जोडून ठराव तयार झाला. महिन्याभराने, शुक्रवारी चारला मतदान. सोमवारी सिग्नलवाला येऊन वेळ बदलणार.

तो शुक्रवार आज होता.

आईने इस्त्री केलेला फ्रॉक, हातात फाइल, खिशात स्टॉपवॉच. मोजपट्टी पावणेचारला निघाली. स्टॉपवॉच घड्याळवाल्या आजोबांचं. ते तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. गुडघ्याने दगा दिल्यापासून दुकान बंद होतं, पण हत्यारं अजून टेबलावर ओळीने मांडलेली असत. मोजणीसाठी घड्याळ हवं म्हणून ती गेली, तेव्हा त्यांनी कापसात गुंडाळलेलं हे जुनं चावीचं स्टॉपवॉच काढून दिलं होतं. "हे खोटं बोलत नाही. धरणाऱ्याचा हात हलला तर दोष घड्याळाला द्यायचा नाही, काय?"

सिग्नलपाशी तेच आजोबा उभे होते. तपकिरी टोपी, काठी, पायात पट्ट्यांचे बूट.

"आजोबा, चला ना. झाला हिरवा."

"जा गं तू. मी पुढच्याला येतो."

ती गेली. सवयीने सेकंद मोजत गेली. नऊ. पलीकडे पोचून सहज वळून पाहिलं. पुढचा हिरवा माणूस लागला. आजोबांनी काठी खाली टेकली, एक पाय फुटपाथवरून उतरवला, उजवीकडे पाहिलं, आणि पाय परत वर घेतला. त्याच्या पुढच्या वेळी पाय उतरलाच नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी हिरव्या माणसाकडे नुसतं पाहिलं, काठी वळवली, आणि आले तसे घराकडे चालू लागले.

मोजपट्टी त्या पाठमोऱ्या टोपीकडे बघत राहिली. मग मोजणीचा सोमवार आठवला. औषधाच्या दुकानाची पायरी. मांडीवर तक्ता. आणि बरोबर समोर तपकिरी टोपी.

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना. मोजायला दिसत नाही."

"हो हो, चालू दे तुमचं काम." आणि ते सरकले होते.

बुधवारी पुन्हा. गुरुवारीही. गुरुवारी चार पायांची आधारकाठी घेतलेली एक बाईही आली होती, बराच वेळ उभी राहून गेली होती. कुणीतरी म्हणालं होतं, "ही माणसं नुसती हवा खायला येतात काय रे इथे?" पाचही जण हसले होते. त्यात ती होती.

तिने फाइल उघडली. तक्त्यात रकाने दोन. ओलांडणारा माणूस. लागलेला वेळ. जो ओलांडत नाही त्याला या कागदावर कुठेच जागा नव्हती.

पुढच्या हिरव्याला ती धावत परत आली. आजोबा अजून इमारतीच्या फाटकाशीही पोचले नव्हते.

"आजोबा, तुम्हाला कुठे जायचं होतं?"

"दवाखान्यात. गुडघ्याच्या व्यायामाला."

"मग?"

"सतरात माझं अर्धं होतं गं. पुढे गाड्या सुटतात, भोंगे वाजवतात. एकदा एक गाडी इतकी जवळून गेली, की काठीच हातातून गेली." ते हसले. "म्हटलं, गुडघ्यासाठी जीव कशाला द्यायचा?"

"किती दिवस गेला नाहीत?"

"सहा आठवडे. रोज येऊन बघतो. एखाद दिवशी पाय साथ देईल."

"तुम्ही सांगितलं का नाही? आम्ही तिथेच तर बसलो होतो!"

"तुम्ही कामात होतात." आजोबांनी तिच्या खिशाकडे पाहिलं. "माझं घड्याळ नीट चाललं ना?"

"नीट चाललं," ती म्हणाली आणि पळाली.

वाचनालयाच्या जिन्यात वकील वाट बघत होता. केस पाणी लावून बसवलेले. "कुठे होतीस? चारला चार कमी आहेत. मी भाषण करतो, तू आकडे सांग. मधेच खोकू नकोस."

"ठराव थांबवायला हवा."

"काय?"

तिने सांगितलं. भराभर, श्वास न घेता. वकिलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अक्कल गहाण टाकलीस का? अडतीस सह्या आहेत! सगळ्यांना सांगून झालंय, की सोमवारपासून उशीर बंद."

"पण आपण त्यांना मोजलंच नाही."

"कसं मोजणार? ओलांडणारे मोजायचं ठरलं होतं. ते ओलांडतच नाहीत!" हे बोलून तो क्षणभर थांबला, कारण त्यालाही ते कसंतरीच ऐकू आलं. पण वकील तो वकील. "बरं. आज पास होऊ दे. पुढच्या महिन्यात सांगू, की थोडं वाढवा."

"सोमवारी सिग्नलवाला येतोय. महिनाभर त्यांनी काय करायचं?"

"आत्ता काय करतायत? घरीच आहेत ना!" त्याने आवाज खाली आणला. "हे बघ. तिथे उभं राहून आपण म्हटलं, की आमचं चुकलं, तर खुर्च्या गेल्या. आगारवाले काका म्हणतील, बघा, पोरांचं काम. मग पुढे कुठल्याच पोराला तिथे कुणी बसवणार नाही. तेही तुझ्याच डोक्यावर येईल."

ते खोटं नव्हतं, हाच त्रास होता. जिन्याच्या एकवीस पायऱ्या चढताना तिने पहिल्यांदाच त्या मोजल्या नाहीत.

वरच्या खोलीत पंखा घरघरत होता. लांब टेबल, पाण्याचे दोन जग, नऊ खुर्च्या, त्यातल्या सात भरलेल्या. काका आज खुशीत होते. "या सभासद! आज तुमचा दिवस." त्यांनी मोजपट्टीची खुर्ची स्वतः मागे ओढली. तिला वाटलं, त्यांनी नेहमीसारखी पायांवरून थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

वकिलाने भाषण केलं. छोटं केलं, आणि मोजपट्टीकडे एकदाही न बघता केलं. आकडे त्यानेच सांगितले. सरासरी सांगताना तो नऊ पॉइंट चारच्या जागी नऊ पॉइंट सहा म्हणाला, आणि तिने दुरुस्त केलं नाही.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रश्न आहेत कुणाचे? नाहीत? मग ठरावाच्या बाजूने हात वर."

हात वर गेले. एक, दोन, तीन. काकांचा सगळ्यांत उंच. वकिलाचा कोपरात वाकलेला. अध्यक्षबाईंचा शेवटी. मोजपट्टीने मोजले: आठ. तिचे स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली होते आणि घामाने खुर्चीला चिकटले होते.

"मोजपट्टी? अगं, तुमचाच ठराव आहे."

"मला..." तिने हात मांडीखालून ओढून काढले. "मला तो मागे घ्यायचाय."

तिने फाइल उघडून टेबलावर सरकवली.

"आमची मोजणी चुकली आहे. आकडे बरोबर आहेत, पण मोजणी चुकली. आम्ही जे ओलांडून गेले तेच मोजले. जे येऊन परत गेले त्यांचा रकाना नव्हता. एकांना तर..." तिने खिशातलं स्टॉपवॉच मुठीत धरलं. "एकांना मीच बाजूला व्हायला सांगितलं. मोजायला अडथळा होतो म्हणून."

काकांचा हात हळूच खाली आला. "म्हणजे? महिनाभर आम्ही तुमच्या कागदावर विसंबून बसलोय. मी गाड्यांचं नवं वेळापत्रक छापायला टाकलंय. आणि आता ऐन वेळी हा पोरखेळ?"

"पोरखेळ नाही—"

"मग काय म्हणायचं याला?"

डोळे भरून यायच्या बेताला आले, म्हणून तिने पाण्याच्या जगावरच्या रेघा मोजायला घेतल्या. पाच, सहा.

"रकाना नव्हता," शेजारून आवाज आला. वकिलाचा हात केव्हाच टेबलाखाली गेला होता. त्याचे कान लालबुंद होते. "तक्ता मी आखला होता. दोनच रकाने मी आखले. तिचं बरोबर आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "परत गेलेले किती? आकडा आहे?"

"नाही."

"म्हणजे एका माणसावरून तू ठराव मागे घेतेस?"

"एक मला माहीत आहे. बाकीचे आम्ही मोजले नाहीत, म्हणून माहीत नाहीत."

"आणि त्या एका माणसाला किती वेळ लागतो, ते तरी माहीत आहे?"

"नाही," मोजपट्टी म्हणाली. तीन दिवस स्टॉपवॉच हातात होतं. ज्याचं होतं त्यालाच ते लावलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी ठरावाचा कागद पेल्याखाली ठेवला. "घड्याळ आहे का आत्ता? मग असं करू. ते गृहस्थ तयार असतील तर आत्ताच मोजायचं, सगळ्यांसमोर. बाराच्या आत आले तर ठराव पास. जास्त लागले तर ठराव रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. सात दिवस, सकाळ-दुपार, तिसऱ्या रकान्यासकट. तुम्ही मुलांनीच करायची."

"आणि सतराच्या वर गेलं तर?" काकांनी खवचटपणे विचारलं.

"तर सतराही चुकीचे आहेत, आणि ते आपण मोठ्यांनी ठरवले होते."

"आमच्या खुर्च्या?" वकिलाने न राहवून विचारलंच.

"मोजायला खुर्ची लागत नाही. खाली चला."

आता सगळ्यांत अवघड काम राहिलं होतं. मोजपट्टीने तळमजल्याचं दार वाजवलं. आजोबांनी उघडलं. टोपी काढलेली, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरलेली.

"आजोबा, मी मघाशी अर्धंच सांगितलं. घड्याळ नीट चाललं. मी नीट धरलं नव्हतं."

तिने बाकीचं सांगितलं. आजोबांनी दाराची चौकट धरली. "म्हणजे त्या सगळ्यांसमोर मी लंगडत जायचं? तमाशा होईल गं माझा."

"नको असेल तर मी जाऊन सांगते, नाही म्हणाले. तुमचं नावही घेणार नाही."

"मग तुमच्या ठरावाचं काय होईल?"

"माहीत नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि खुंटीवरची टोपी काढली. "एक अट. कुणी माझा हात धरायचा नाही. हात धरलेला वेळ माझा नसतो."

साडेचार वाजले होते. रस्ता गाड्यांनी भरून चालला होता. समितीची माणसं पलीकडच्या फुटपाथवर ओळीने उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला उभी राहावीत तशी. फक्त आगारवाले काका अलीकडे आले. त्यांच्या गळ्यात आगारातली शिट्टी होती. ते उतारावरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, फुटपाथच्या कडेला जाऊन थांबले.

मोजपट्टीने नियम मोठ्याने सांगितला. तोच, साठ माणसांना लावलेला: पहिला पाय रस्त्यावर पडला की सुरू, दोन्ही पाय पलीकडच्या फुटपाथवर आले की बंद. मग ती पलीकडे जाऊन पट्ट्यांच्या टोकाशी उभी राहिली. तळहात फ्रॉकला पुसला. अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर.

हिरवा माणूस लागला.

आजोबांचा बूट रस्त्यावर पडला आणि तिने बटण दाबलं. काठी, डावा पाय, उजवा पाय. काठी, डावा, उजवा. पहिला पट्टा. दुसरा. त्यांच्या बाजूने एक मुलगा पळत गेला, दोन बायका गप्पा मारत गेल्या, सगळे पलीकडे पोचले, आणि रस्त्यावर फक्त तपकिरी टोपी राहिली. चौथा पट्टा. पाचवा. नऊ सेकंद झाले, मग बारा. बाराला आजोबा सहाव्या पट्ट्यावर होते. शेजारी वकील पुटपुटत होता, "चला, चला, चला."

सतरा. हिरवा माणूस लाल झाला. आजोबा नवव्या पट्ट्यावर होते.

पहिला भोंगा वाजला, मग दुसरा. आजोबा थबकले. त्यांची मान उजवीकडे वळली आणि काठी जागच्या जागी टेकून राहिली. मोजपट्टीचा एक पाय आपोआप खाली उतरायला निघाला. ती धावली असती, हात धरला असता, तर सगळं संपलं असतं, आकडाही. तिने पाय मागे घेतला आणि दात इतके आवळले, की कानात दुखलं.

उतारावरून सामानाची एक मोठी गाडी सुटली. तेवढ्यात शिट्टी वाजली, लांबलचक, कानठळ्या बसवणारी. आगारवाले काका दोन्ही हात पसरून त्या गाडीच्या पुढ्यात उभे होते. "थांब!" ते ओरडले. "माणूस जातोय, दिसत नाही?" गाडी कचकन थांबली.

आजोबांनी मान सरळ केली. काठी, डावा, उजवा. दहावा पट्टा. अकरावा, जो पुसट होता. बारावा. आता भोंगे थांबले होते. तेरावा. चौदावा. काठीचं टोक फुटपाथवर टेकलं. डावा बूट वर आला. उजवा हवेत थोडा रेंगाळला आणि मग तोही आला.

मोजपट्टीने बटण दाबलं आणि तबकडी अध्यक्षबाईंपुढे धरली.

सव्वीस पूर्णांक चार सेकंद.